जुन्या अल्टोचे पुढचे शॉकअप घरी बदलताना

अल्टोचा पुढचा शॉकअप गाडीतून सुटा करायला खालचे दोन बोल्ट, वरचे नट आणि ब्रेकच्या पाइपची एक क्लिप एवढंच सोडावं लागतं. जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) आणि बऱ्यापैकी पाने असतील तर हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरामात होतं. खरी मेख पुढे आहे. जुन्या शॉकअपवरची स्प्रिंग काढून नव्यावर चढवायची असते, आणि ती स्प्रिंग दाबलेली असते. तेव्हा सुरुवातीलाच ठरवून टाका: धड स्प्रिंग कंप्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार, हाताशी असेल तरच हा भाग घरी करायचा. नसेल तर सुटा झालेला अख्खा शॉकअप स्प्रिंगसकट गोणीत घालून जवळच्या गॅरेजला न्यायचा, स्प्रिंग नव्या शॉकअपवर चढवून घ्यायची आणि घरी येऊन तो बसवायचा. यात कमीपणा काही नाही. बोटं दहाच असतात.

पुढचं सगळं २००० साली आलेल्या, ७९६ सीसी इंजिन आणि १२ इंची चाकांच्या जुन्या अल्टोला धरून लिहिलं आहे. मारुती ८००, झेन आणि जुनी वॅगन आर यांची पुढची बाजूही त्याच घराण्यातली. पान्यांची मापं इकडची तिकडे होतील, कामाचा क्रम तोच राहील. आपण सर्रास ज्याला शॉकअप म्हणतो तो पुढच्या बाजूला नुसता शॉकअप नसतो. तो मॅकफर्सन स्ट्रट असतो: स्प्रिंग त्याच्यावरच बसलेली, चाकाचा नकल (चाक ज्याच्यावर बसतं तो लोखंडी भाग) त्यालाच बोल्टने जोडलेला, आणि स्टिअरिंग वळवलं की तो अख्खा फिरतो. म्हणून वरच्या माउंटिंगमध्ये, म्हणजे स्ट्रट जिथे बॉडीला जोडतो त्या भागात, बेअरिंग असतं. हे बेअरिंग लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर बरंच काही अवलंबून आहे.

आधी खात्री: दोष शॉकअपचाच आहे का?

पुढून खडखड आली की पहिला संशय शॉकअपवर जातो, आणि निम्म्या वेळा तो निर्दोष असतो. मेलेला शॉकअप सहसा आवाज करत नाही, तो गाडीला झुलवतो. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर नाक एकदा खाली जाऊन वर येऊन थांबायला हवं. ते दोन-तीन वेळा होडीसारखं हललं, जोरात ब्रेक मारल्यावर पुढची बाजू बदकन बसली, किंवा टायरच्या कडेला हात फिरवताना उंचवटे आणि खळगे लागले, तर शॉकअप गेला समजा. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची जुनी पद्धत आहे. पण तिचा उपयोग पार मेलेला शॉकअप ओळखण्यापुरताच. अर्धवट मेलेला त्या परीक्षेत हमखास पास होतो.

मग चाक पूर्ण वळवून टॉर्चने शॉकअपचं नळकांडं बघा. नळकांड्यावर धूळ चिकटून झालेली पातळ तेलकट छटा चालते, कारण आत-बाहेर होणाऱ्या रॉडबरोबर थोडं तेल वर येतंच. पण ओघळ खालच्या कपापर्यंत, म्हणजे स्प्रिंग बसते त्या बशीपर्यंत, पोचला असेल, बोट लावल्यावर ओलं लागत असेल, तर तेल अडवणारं सील गेलं. स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढाही याच वेळी बघा. चिखल तिथेच साचतो, गंज तिथेच धरतो आणि स्प्रिंग तिथेच तुटते. तुटलेला तुकडा कपात बसून राहतो, त्यामुळे वरवर बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. एक बाजू बोटभर खाली बसलेली दिसली तर पहिल्यांदा हेच तपासा.

आवाजांची वाटणी साधारण अशी असते. खराब रस्त्यावर कमी वेगात बारीक टकटक येत असेल तर लोअर आर्मचा (चाक खालून गाडीला जोडणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट किंवा रबरी बुश. जागेवर स्टिअरिंग वळवताना स्प्रिंगवर हात ठेवला, आणि ती अडकून अडकून टणकन सुटताना जाणवली, तर वरचं बेअरिंग जाम आहे. ही परीक्षा दोघांनी करायची. एकाने आत बसून स्टिअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने बोटं वेढ्यांच्या मध्ये न घालता तळवा बाहेरून टेकवायचा. खड्ड्यात धप्प असा एकच जाड आवाज येत असेल तर वरच्या माउंटिंगचं रबर फाटलेलं असतं किंवा बंप स्टॉपरचा (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणाऱ्या रबराचा) भुगा झालेला असतो. हे सगळं आत्ताच बघून घ्यायचं, कारण स्ट्रट एकदा खाली आला की बॉल जॉइंट, बुश आणि माउंटिंग सगळंच हाताशी येतं. पुन्हा दोन महिन्यांनी तेच बोल्ट सोडण्यात अर्थ नाही.

काय आणायचं

शॉकअप नेहमी जोडीने, डावा आणि उजवा एकदम. एकच बदलला तर गाडी एका बाजूला कडक आणि दुसऱ्या बाजूला ढिली होते, आणि वळणावर व ब्रेकवर ते जाणवतं. डावा-उजवा वेगळा असतो, कारण ब्रेकच्या पाइपचा ब्रॅकेट आतल्या बाजूला यावा लागतो. दुकानातून निघण्याआधीच दोन्ही खोके उघडून बघा. एकाच बाजूचे दोन नग हातात पडणं काही नवलाचं नाही.

कुठल्या कंपनीचा? मारुतीचे अस्सल किंवा गॅब्रिएल, मोनरो अशा ओळखीच्या नावांपैकी एक. गॅब्रिएल इंडिया ही १९६१ पासूनची कंपनी, चाकणलाही तिचा कारखाना आहे, त्यामुळे महाराष्ट्रात तिचा माल सहज मिळतो. जितकं नाव ओळखीचं तितका नकली खोका जास्त, हेही खरं. छपाई पुसट, किंमत व पार्ट नंबरचं लेबल नाही, रॉडवर क्रोमऐवजी राखाडी मळकट रंग, असं दिसलं तर घेऊ नका. "रिपेअर केलेला" शॉकअप तर मुळीच नको. त्यात नळकांड्याला भोक पाडून तेल भरून वेल्डिंग मारलेलं असतं, आणि जुना घासलेला रॉड तसाच राहतो. पहिला पावसाळाही तो धड काढत नाही.

त्याबरोबर दोन्ही बाजूंचे बंप स्टॉपर, रबरी डस्ट कव्हर, वरची माउंटिंग आणि बेअरिंग घ्या. लोक नेमकं इथे हात आखडतात. शॉकअप नवा, माउंटिंग दहा वर्षांची, मग महिनाभरात खडखड परत आणि शिव्या नव्या शॉकअपला. डस्ट कव्हर तर चहाच्या पैशात येतं, पण ते फाटलेलं असेल तर धूळ रॉडवर बसते, रॉड सीलमधून वर-खाली होताना ती धूळ पॉलिश पेपरसारखी सील घासते, आणि नव्या शॉकअपचं आयुष्य अर्ध्यावर येतं. खालच्या बोल्टांचे आटे गंजलेले असतील तर बोल्ट-नट नवे घ्या, पण त्याच ग्रेडचे. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट तिथे चालत नाही. त्या दोन बोल्टांवर अख्खं चाक तोललेलं असतं.

हत्यारांत दोन टनी ट्रॉली जॅक, दोन घोड्या, १२, १४, १७ आणि १९ च्या गोट्या (सॉकेट) व तेच रिंग पाने, लांब दांड्याचा हँडल, तो लांबवायला दीड-दोन फुटांचा पाइप, एलन की, हातोडा, वायर ब्रश, जाड बांधणीची तार, पांढरा रंग, गंज सोडवणारा स्प्रे आणि जमल्यास टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना). डिकीतला कात्री जॅक चाक बदलायला ठीक आहे, या कामाला नाही. विटा आणि दगड घोडीच्या जागी कधीच नको. वीट भाराखाली हळूहळू दबत नाही, एकदम फुटते.

आदल्या रात्री खालचे दोन बोल्ट वायर ब्रशने साफ करून स्प्रे मारून ठेवा, सकाळी पुन्हा एकदा. कोकण किनाऱ्यावर किंवा मुंबईत राहिलेल्या गाडीला हे दोन दिवस आधीपासून करा. खारी हवा त्या बोल्टांना फार जपून धरते.

गाडी उचलणं

सपाट, पक्की जागा हवी. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर जॅकची चाकं आणि घोडीचे पाय रुततात, म्हणून खाली पाऊण इंची प्लायवुडचे तुकडे घाला. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करा. हवेत चाक फिरतं आणि नट मात्र सुटत नाही.

पुढच्या क्रॉस मेंबरच्या (खालच्या आडव्या तुळईच्या) मध्यावर जॅक लावून दोन्ही पुढची चाकं एकदम उचला. सम्प म्हणजे ऑइलचं पातेलं चुकवा, ते पत्र्याचं असतं. घोड्या दाराखालच्या पट्टीवर, जिथे कंपनीने जॅकसाठी खाचा केल्या आहेत तिथे, रबराचा तुकडा मध्ये घालून. गाडी घोड्यांवर बसली की बाजूने जोरात ढकलून बघा. पडायची असेल तर तुम्ही खाली नसताना पडू दे.

दोन्ही बाजू एकदम उचलायच्या त्याला कारण आहे. या गाडीत स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडी कलंडू न देणारी सळई) दोन्ही लोअर आर्मना जोडलेला असतो. एकच बाजू वर असेल तर बार पिळलेला राहतो, आर्म वर ढकलत राहतो, आणि बोल्ट भोकांत अडकून बसतात. दोन्ही आर्म लोंबकळले की पीळ जातो. तरीही एका वेळी एकच बाजू सोडवा. दुसरी जशीच्या तशी असली की काय कुठे होतं ते बघायला नमुना राहतो.

स्ट्रट सुटा करणं

चाक काढा आणि गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. घोडी घसरलीच तर गाडी चाकावर टेकेल.

आता खडूने नाही, रंगाने किंवा टोकदार खिळ्याने स्ट्रटच्या ब्रॅकेटची कड नकलवर आखून घ्या. बोल्टांच्या भोकांत थोडी मोकळीक असते. त्या मोकळिकीत नकल जरा आत-बाहेर झाला तरी चाकाचा तिरपेपणा, म्हणजे कँबर, बदलतो आणि टायर एका कडेने खाल्ला जातो. जुनी गाडी सरळ चालत होती तर ती जागा जपणं फायद्याचं. नवा ब्रॅकेट तंतोतंत जुन्यासारखा नसला तरी खुणेचा अंदाज कामाला येतो. बोल्टांची डोकी पुढच्या बाजूला होती की मागच्या, तेही फोनमध्ये टिपून ठेवा.

ब्रेकच्या रबरी पाइपची क्लिप स्ट्रटच्या ब्रॅकेटमधून पक्कडने ओढून काढा आणि पाइप खाचेतून बाहेर घ्या. ब्रेकची लाइन उघडायची गरज नाही. कोणी मेकॅनिक ती उघडायला निघाला तर थांबवा, विनाकारण हवा काढत बसावं लागेल.

खालचे दोन बोल्ट: डोकं एका पान्याने धरून ठेवायचं आणि फिरवायचा तो नट. अडून बसला तर हँडलवर पाइप चढवा आणि खाली ढकलण्याऐवजी वर ओढा. ढकलताना पाना निसटला तर हात सरळ पत्र्यावर जातो. नट निघाल्यावरही बोल्ट हलत नसेल तर नट आट्यांच्या टोकाशी परत लावा आणि नटावर हातोडी मारा, म्हणजे आटे चेपत नाहीत. गॅस कटरने तापवायचा मोह टाळा. शेजारी ब्रेकचा पाइप आहे, ड्राइव्ह शाफ्टचं (गिअरबॉक्समधून चाकाला ताकद नेणाऱ्या दांड्याचं) रबरी बूट आहे आणि स्ट्रटमध्ये तेल आहे.

दुसरा बोल्ट काढण्याआधी नकल तारेने स्प्रिंगच्या वेढ्याला नव्हे, गाडीच्या बॉडीला बांधा. हे विसरलात तर नकल बाहेरच्या बाजूला कलंडतो, ड्राइव्ह शाफ्ट ओढला जातो आणि गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट आपल्या घरातून निसटतो. मग एका शॉकअपच्या कामात बूट, ग्रीस आणि गिअरबॉक्स ऑइल सगळं येऊन पडतं. ब्रेकच्या पाइपवर नकलचं वजन येऊ देणं त्याहून वाईट. पाइप बाहेरून धड दिसतो, आतून मात्र फाटलेला असतो.

बॉनेट उघडा. स्ट्रटच्या टोकाशी मध्यभागी एक मोठा नट दिसेल आणि त्याच्या भोवती माउंटिंगचे लहान नट. लहान नट सोडायचे. मधल्या मोठ्या नटाला या क्षणी हात लावायचा नाही, सहज म्हणून पाना टेकवून बघायचाही नाही. दाबलेल्या स्प्रिंगला धरून ठेवणारी वस्तू तीच आहे. शेवटचा लहान नट काढताना दुसऱ्या हाताने स्ट्रट खालून धरा. तो जड असतो आणि पडतो तो नेमका ड्राइव्ह शाफ्टच्या बुटावर.

स्प्रिंग

गाडी चाकांवर उभी असताना एकेक पुढची स्प्रिंग दीडशे-दोनशे किलोचा भार पेलत असते. स्ट्रट सुटा झाल्यावर तो भार नाहीसा होतो, पण स्प्रिंग तेव्हाही मोकळी नसते. ती मधल्या नटाने बांधलेली असते. रस्त्याकडेला दोर किंवा तार गुंडाळून, वर पाय देऊन स्प्रिंग सोडवताना लोक दिसतात. शंभरदा जमतं आणि एकशे एकाव्या वेळी कप हनुवटीवर येतो.

दोन आकड्यांचा, म्हणजे दोन हुकांचा, कंप्रेसर भाड्यानेही मिळतो. त्याच्या आट्यांना ग्रीस लावा, आकडे झिजलेले नाहीत हे बघा. दोन आकडे स्प्रिंगच्या समोरासमोर, जास्तीत जास्त वेढे कवेत घेऊन बसवा. मग एका बाजूला तीन-चार आटे, दुसऱ्या बाजूला तीन-चार आटे, असं आलटून पालटून आवळा. एकाच बाजूने आवळलं की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा घसरतो. इम्पॅक्ट गन इथे वापरू नका, हाताचाच पाना. स्ट्रट मांडीवर घेऊन बसायचं नाही, आणि त्याचं टोक ना तुमच्याकडे, ना बघायला जमलेल्या मंडळींकडे. स्प्रिंग वरच्या कपातून सुटून हाताने खुळखुळ हलायला लागली की तिथेच थांबा. त्यापुढे दाबण्याची गरज नसते.

आता मधला नट. रॉडच्या टोकाला एलन कीची किंवा चपटी जागा असते. तिथे रॉड धरा आणि रिंग पान्याने नट सोडवा. रॉड फिरतो म्हणून पक्कडने किंवा व्हाइस ग्रिपने क्रोमवर धरणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक. जुन्या रॉडवर ओरखडे पडले तर पडू देत. पण तीच सवय नव्या रॉडवर चालली तर ओरखडा सील कापतो, आणि नवा शॉकअप महिन्याभरात ओला.

काढलेले भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर ओळीने मांडा: नट, माउंटिंग, बेअरिंग, स्प्रिंगचा वरचा कप, रबर, डस्ट कव्हर, बंप स्टॉपर. फोटो काढा. वरच्या कपावर बाहेरची बाजू दाखवणारी खूण असेल तर ती खालच्या ब्रॅकेटच्या तुलनेत कुठे होती हे रंगाने आखून ठेवा. बेअरिंग उलटं बसवलं तरी ते बसतं, फक्त फिरत नाही, म्हणून त्याची वरची बाजू खास लक्षात ठेवा.

स्प्रिंग धुऊन बघा. तडा, खोल गंज किंवा तुटलेलं टोक दिसलं तर स्प्रिंगही जोडीने बदला. नुसता रंग उडालाय म्हणून बदलायची गरज नाही. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांची मोकळी उंची मोजता आली तर मोजा.

नवा शॉकअप उभा धरून रॉड पूर्ण खाली, पूर्ण वर असा चार-पाच वेळा चालवा. दुकानात आडवा पडून आत हवेचे बुडबुडे झालेले असतात, ते जागेवर जातात. गॅसचा शॉकअप असेल तर सोडल्यावर रॉड आपोआप वर येतो. तेलाचा असेल तर जिथे सोडला तिथेच राहतो. दोन्ही बरोबर आहेत. जोडीतला एक वर आला आणि दुसरा नाही, तर मात्र दुकानदाराकडे जा.

रॉड पूर्ण वर ओढून ठेवा. बंप स्टॉपर, डस्ट कव्हर, दाबलेली स्प्रिंग. स्प्रिंगचं खालचं टोक कपातल्या खाचेला जाऊन टेकलं पाहिजे. एका बोटाचंही अंतर राहिलं तर पहिल्याच खड्ड्यात टणकन आवाज करत स्प्रिंग जागेवर येईल आणि गाडीची उंची दोन्हीकडे वेगळी दिसेल. मग रबर, कप, बेअरिंग, माउंटिंग आणि शेवटी नवा नट. बेअरिंगला ग्रीस. नट पूर्ण आवळल्यानंतरच कंप्रेसर सैल करा, पुन्हा आलटून पालटून. शेवटी माउंटिंग हाताने फिरवा. ती मऊ फिरली पाहिजे, स्प्रिंगला सोबत ओढता कामा नये.

परत बसवताना

वर माउंटिंगचे खिळे (त्यातून बाहेर आलेले आटेदार बोल्ट) बॉडीच्या भोकांत घाला, नट नुसते हाताने लावा. खाली नकल ब्रॅकेटमध्ये सरकवा. भोकं जुळत नसतील तर लोअर आर्मखाली जॅक लावून अगदी सावकाश वर घ्या. हातोड्याने बोल्ट ठोकून भोकं जुळवू नका, आटे जातात. दोन्ही बोल्ट जुन्या दिशेने घाला, खुणेला खूण जुळवा आणि मग आवळा.

किती आवळायचं? तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अखेरचा. पण अंदाज हवा असेल तर या जातीच्या छोट्या गाड्यांत खालचे मोठे बोल्ट साधारण ८० ते १०० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतात, वरचे लहान नट २० ते ३० च्या. चाकाचे नट ८५. टॉर्क रेंच नसेल तर ४५ सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला एकोणीस-वीस किलोचा जोर म्हणजे ८५. वरच्या लहान नटांवर मात्र लांब दांडा लावूच नका. ते खिळे माउंटिंगच्या पत्र्यात रुतवलेले असतात, जास्त आवळले की फिरायला लागतात, आणि मग ना घट्ट होतात ना सुटतात.

ब्रेकचा पाइप पीळ न देता खाचेत बसवा, क्लिप पूर्ण आत ठोका. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून बघा. पाइप कुठे ताणला जातोय का, टायर किंवा स्प्रिंगला घासतोय का? हे बघायला अर्धं मिनिट लागतं. चाक लावा, नट हाताने बसवा आणि दुसऱ्या बाजूकडे वळा. पहिल्या बाजूला तीन तास गेले असतील तर दुसरी दीडमध्ये होते.

गाडी खाली घेतल्यावर चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने पूर्ण आवळा, वरचे माउंटिंगचे नट पुन्हा तपासा. लोअर आर्मचे बुश बदलले असतील तर त्यांचे बोल्ट आत्ता, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, शेवटचे आवळायचे. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

फिरवून बघा

पहिली चक्कर हळू, ब्रेकचं पेडल दोन-तीनदा दाबून बघितल्यावरच. कडकपणा जाणवेल. मेलेल्या शॉकअपची सवय झालेल्याला नवा शॉकअप नेहमी कडकच वाटतो. गाडी आधीपेक्षा थोडी उंच वाटली तर आठवडाभर थांबा, रबरं बसतात. आवाजांकडे मात्र लगेच लक्ष द्या. वळताना टणटण असेल तर स्प्रिंगचं टोक खाचेत नाही किंवा बेअरिंग उलटं आहे. खड्ड्यात वरून टक येत असेल तर मधला नट पुरता आवळलेला नाही. ब्रेक मारताना खालून एकदाच टक येत असेल तर खालचे बोल्ट ढिले आहेत. हा शेवटचा आवाज आला तर गाडी तिथेच थांबवा, घरी जाऊन बघू म्हणू नका.

व्हील अलाइनमेंट दुसऱ्याच दिवशी करून घ्या. या गाडीत अलाइनमेंटवाला मुख्यतः टो जुळवतो, म्हणजे दोन चाकांची तोंडं वरून बघताना सरळ आहेत की नाहीत ते. खुणा कितीही नीट जुळवल्या असल्या तरी नकल थोडासा हललेला असतोच. कँबर फार बाहेर दाखवत असेल तर खालचे बोल्ट ढिले करून नकल त्या मोकळिकीत आत-बाहेर सरकवून बघता येतं. त्याने भागलं नाही तर लोअर आर्म किंवा नकल वाकलेला आहे, आणि तो शॉकअपने सरळ होणार नाही. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट-बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा.

मागचे शॉकअप या गाडीत वेगळे आणि स्प्रिंग वेगळी, त्यामुळे तिथे कंप्रेसर लागत नाही. पण मागचा अ‍ॅक्सल जॅकने आधार दिल्याशिवाय खालचा बोल्ट सोडू नका. शॉकअप हीच अ‍ॅक्सलला खाली जाण्यापासून अडवणारी दोरी असते, ती सुटली की अ‍ॅक्सल खाली येतो, ब्रेकचा पाइप ताणतो आणि स्प्रिंग बाहेर पडते. मागची चाकं वर असताना हँडब्रेकचाही उपयोग नसतो, तो मागच्याच चाकांवर चालतो. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि ठोकळे पुढच्या चाकांना.

जुने शॉकअप भंगारवाल्याला देताना गॅसचे असतील तर तसं सांगा. ते कटरने कापायचे नसतात, आत दाब असतो.